मशीन आणा की ओ मालक, पण पासवर्ड आमच्याकडं पण राहू दे

प्रति,
बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, नावगे, काकती, होनगा इथले समस्त कारखानदार मालक, त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी आणि एचआरचे साहेब लोक यांना,

नमस्कार.

मी वडगावचा, उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, मेंटेनन्स फिटर आहे. कारखान्याचं नाव लिहित नाही, कारण एकाच मालकाशी भांडायला हे पत्र नाही, आणि जे आमच्याकडं झालं ते आज ना उद्या तुमच्या सगळ्यांच्या शेडमध्ये होणारच आहे, काहीजणांकडं झालं पण असेल. मेंटेनन्सवाला म्हणजे कोण ते तुम्हाला सांगायला नको, पण बाहेरची माणसं पण हे वाचणार म्हणून सांगतो. सकाळी ऑफिसच्या संडासातला बॉलकॉक बदलायचा, दहाला ओव्हरहेड क्रेनचा ब्रेक ॲडजस्ट करायचा, दुपारी जेवण अर्धं सोडून कंप्रेसरचा बेल्ट, संध्याकाळी पॅनेलमधला जळका कॉन्टॅक्टर, आणि घरी जाताना मालकांच्या बंगल्यातली मोटर पाणी ओढत नाही म्हणून तिकडं. आयटीआयच्या सर्टिफिकेटवर फिटर लिहिलंय पण पडेल ते काम. 1999 ला हेल्पर म्हणून आत आलो तेव्हापासून हेच.

आता मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात टाईम ऑफिसच्या भिंतीवर एक कागद लागला. नवीन ऑटोमॅटिक मोल्डिंग लाईन, म्हणजे वाळूचे साचे करणारी, आणि फेटलिंगचा, म्हणजे ओतलेल्या मालाच्या कडा घासायचा रोबोट पूर्ण चालू झाले की 1 तारखेपासून मेंटेनन्स खातं बंद, देखभाल बाहेरच्या एजन्सीकडं. मशीनवर सेन्सर बसवणार, त्याचं रीडिंग बाहेरगावच्या ऑफिसात बसून कोणतरी बघणार, लागेल तेव्हा त्यांचा इंजिनिअर गाडीतनं येणार. आम्ही अकरा जण. सात परमनंट, चार कॉन्ट्रॅक्टवर. सातांपैकी दोघांना ऑपरेटर म्हणून घेणार, पाचांनी हिशेब घ्यायचा. कॉन्ट्रॅक्टवाल्या चौघांचं तर कागदावर नावच नाही, त्यांना कॉन्ट्रॅक्टरनं फोनवर सांगितलं म्हणे. आमच्यातला बैलहोंगलचा एकजण कागद वाचून झाल्यावर एवढंच म्हणाला, "यल्ला मुगीतप्पा". सगळं संपलं बाबा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस मशीनच्या विरोधात आहे. अजिबात नाही. फेटलिंगला रोबोट आला ते चांगलंच झालं. ग्राइंडरच्या धुळीत आठ तास उभं राहून छातीत काय जातं ते मी बघितलंय, आमच्याकडची पोरं तर केव्हाच ते काम सोडून गेली, बिहार ओडिशातनं माणसं आणून तुम्ही चालवत होता आणि ती पण टिकत नव्हती. ते काम माणसानं करूच नये. माझी तक्रार रोबोटवर नाही, रोबोट बिघडल्यावर त्याला हात कोण लावणार यावर आहे.

मला हे जरा जास्त लागतं त्याला कारण आहे. माझे आजोबा शहापूर-वडगाव भागात हातमागावर साड्या विणायचे. हातमाग गेला, पॉवरलूम आले. वडील पॉवरलूमवर जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे, खिशात कायम पान्हा. आजोबांचं काम मशीननं खाल्लं पण त्याच मशीननं वडिलांना काम दिलं, कारण माग आणणाऱ्या शेठनं जॉबर गल्लीतलाच धरला आणि त्याला शिकू दिलं. वडिलांना कुणी डिप्लोमा विचारला नाही. दोन महिने दुसऱ्या जॉबरच्या मागनं फिर म्हणाले, झालं. यावेळी ते "मागनं फिर" म्हणणारं कोण दिसत नाही ओ.

आता त्या रात्रीचं सांगतो. नवीन लाईन ट्रायलवर होती, सेकंड शिफ्ट, साडेनऊ वाजलेले. लाईन थांबली, स्क्रीनवर लाल पट्टी आणि एक नंबर. तिकडं भट्टीत मेटल तयार, चौदाशे डिग्रीच्या आसपास. फौंड्रीवाल्याला माहीत आहे, मेटल कुणासाठी थांबत नाही. भट्टीत धरून ठेवलं तर मीटर पळतो आणि जास्त वेळ धरलं तर मेटलच बिघडतं, नाहीतर पिगिंग करून सगळं वितळवलेलं परत थंड करायचं, म्हणजे करंटचे पैसे गटारात. सुपरवायझरनं एजन्सीला फोन लावला. पलीकडचा पोरगा हिंदीत म्हणाला टिकट रेज करो, म्हणजे तक्रार नोंदवा. मला आधी वाटलं बसचं बोलतोय. टिकट रेज झालं, उत्तर आलं सकाळी अकराच्या आत माणूस येईल.

मी मेन बंद केलं, कुलूप घातलं, टॅग लावला, गार्ड खोलला. आत मोल्ड बॉक्स, म्हणजे साच्याची पेटी, आला का गेला ते बघणारा एक फोटो सेन्सर असतोय. त्याच्या काचेवर काळ्या वाळूचा थर. आमच्या वाळूत बेंटोनाईटची चिकट माती असतीय, कोळशाची पूड असतीय, वर पाण्याची वाफ, त्यामुळं नुसती धूळ नाही, चिकटून बसतंय. सकाळी उठल्यावर डोळ्याला चिपाड आलेलं असतंय तसं. कॉटन वेस्टनं पुसलं, मग शर्टाच्या आतल्या बाजूनं काच स्वच्छ केली, गार्ड लावला, कुलूप काढलं, रिसेट दाबलं. लाईन चालू. सगळं मिळून पंचवीस मिनिटं. मेटल वाचलं.

दुसऱ्या दिवशी मला मेमो. वॉरंटीतल्या मशीनला परवानगी नसताना हात लावला म्हणून. मेमो पण कन्नडमध्ये, बैलहोंगलवाल्यानंच वाचून दाखवला आणि वाचता वाचता हसायला लागला, मग मी पण हसलो, काय करणार.

मी तोंडी सुचवलं होतं की त्या सेन्सरसमोर एक बारीक एअर नोझल बसवा, दर काही मिनिटांनी फुंकर मारायची, काच साफ राहील, फक्त हवा कोरडी पाहिजे, कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज ड्रेन करा नाहीतर धुळीचा चिखल होईल. सिस्टीममध्ये लिहा म्हणाले. माझ्याकडं सिस्टीमचा लॉगिन नाही. तीन आठवड्यांनी एजन्सीनं तेच नोझल बसवलं आणि बिल लावलं. कोरड्या हवेचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, चार दिवसात चिखल झाला. मी काहीच बोललो नाही. मेमोतला माणूस काय बोलणार.

आता माझ्या तक्रारी. वकिलानं लिहिल्यासारखं जमणार नाही, जसं सुचेल तसं लिहितो.

पहिली, नोटीस. कामगार कमी होणार असेल असं मशीन किंवा पद्धत आणायची तर 21 दिवस आधी नोटीस द्यायची हे आजचं नाही, 1947 च्या इंडस्ट्रियल डिस्प्यूट्स कायद्यात कलम 9 अ मध्ये होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन लेबर कोड लागू झाले, त्यातल्या इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडमध्ये पण ते 21 दिवस तसेच ठेवलेत. आमच्या भिंतीवर कागद लागला तो 12 दिवस आधी. कामगार काढायला सरकारची परवानगी लागायची अट पूर्वी 100 कामगारांच्या वरच्या कारखान्याला होती ती आता 300 केली, म्हणजे आपल्या वसाहतीतल्या बहुतेक शेड त्यातनं सुटल्या. बरं, सुटला. पण 21 दिवसातनं कोण सुटलेलं नाही.

दुसरी, भाषा. इथं मला राजकारण करायचं नाही, बेळगावात भाषेचं नाव काढलं की लोक लगेच झेंडे बघतात. 1956 पासनं जे चालू आहे ते चालू दे, मी पान्हा धरणारा माणूस आहे. पण जुन्या 1948 च्या कारखाना कायद्यातच कलम 108 होतं, त्या कायद्याखालच्या नोटिसा इंग्लिशमध्ये आणि बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत लावायच्या. आमच्या शेडमध्ये निम्म्यापेक्षा जास्त माणसं वडगाव, अनगोळ, मजगाव, यळ्ळूर, धामणेची, मराठी वाचणारी. नोटीस कन्नडमध्ये लावा, लावलीच पाहिजे, बैलहोंगल, सौंदत्तीच्या माणसांना ती पाहिजे, पण बाजूला एक मराठी कागद लावायला किती खर्च येतोय? हिशेबाचं एकवेळ सोडा. रोबोटच्या पिंजऱ्यावर जो धोक्याचा बोर्ड लावलाय त्यावर आत जाण्याआधी काय बंद करायचं ते इंग्लिश आणि कन्नडमध्येच आहे. तिथं न वाचता येणं म्हणजे काय ते सांगायला लागू नये.

तिसरी, ट्रेनिंग, आणि माझा सगळ्यात जास्त राग यावर आहे. मशीनची ऑर्डर देतानाच मशीनवाली कंपनी कारखान्यातल्या काही जणांना ट्रेनिंग देते, किमतीतच धरलेलं असतंय ते. आमच्याकडनं कोण गेलं? एक सुपरवायझर, एक ऑफिसातला, आणि एक मालकांच्या पाहुण्यातला पोरगा, जो सहा महिन्यात बेंगळूरला गेला सुद्धा. मेंटेनन्समधलं एक पण नाही. विचारलं तर डिप्लोमा पाहिजे आणि वय पस्तीसच्या आत पाहिजे. वयाची अट कुठनं आली ते कुणालाच माहीत नाही, मशीनवाल्यांनी घातलेली नाही, मी त्यांच्या माणसालाच विचारलं.

चौथी, पासवर्ड. मालक लोकांनी इथं जरा लक्ष द्या, कारण यात तुमचंच नुकसान आहे. लाईनच्या पीएलसीला, म्हणजे लाईन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, पासवर्ड आहे आणि तो एजन्सीकडं आहे. प्रोग्रामचा बॅकअप तुमच्याकडं आहे का? आमच्याकडं नाही. उद्या एजन्सीशी पैशावरनं वाजलं, किंवा एजन्सी बंद पडली, किंवा कार्ड जळलं, तर कोट्यवधीची लाईन शोभेची वस्तू. घर बांधून किल्ली गवंड्याकडं ठेवल्यासारखं झालं हे.

आणि कॉन्ट्रॅक्टवाल्या चौघांबद्दल. त्यातला एक नऊ वर्षं आमच्याबरोबर आहे. तीच ग्रीस गन, तोच पान्हा, पगार निम्मा. त्याच्याबद्दल कागदावर काहीच नाही याचं मला लाज वाटण्याइतकं वाईट वाटतंय, कारण परमनंट असताना आम्ही पण त्याच्यासाठी कधी बोललो नाही.

माझा मुलगा यावर्षी आयटीआयला जायचं म्हणतोय, फिटरच. त्यानंच मोबाईलवर मला एक दाखवलं, 2013 मध्ये ऑक्सफर्डच्या दोघांनी अमेरिकेतल्या 702 कामांचा अभ्यास केला होता, कुठलं काम कॉम्प्युटर आणि रोबोट घेऊ शकतील म्हणून. त्यात आमच्या जनरल मेंटेनन्सच्या कामाला 64 टक्के धोका लावलाय. बाबा शंभरातनं चौसष्ट म्हणाला. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. मग त्यालाच पुढचं शोधायला लावलं तर अमेरिकेचंच लेबर खातं म्हणतंय की हे काम पुढच्या दहा वर्षात घटणार नाही, थोडं वाढेलच. तो अभ्यास होऊन दहा वर्षाच्या वर झाली तरी. मला आश्चर्य वाटलं नाही. सेन्सर सांगतोय बेअरिंग गरम झालंय. ठीक. मग पुलर घेऊन त्या कोपऱ्यात आडवा झोपून ते बेअरिंग काढायला कोण जाणार? ज्या जागेत हात जात नाही तिथं रोबोट कुठनं जाईल? आमच्या कामातलं जे जाणार ते मला दिसतंय, रीडिंग घेत फिरणं गेलं, ग्रीस मारत फिरणं निम्मं गेलं, ऑटो लुब्रिकेशन आलं. जाऊ दे. खोलून बसवायचं काम राहणार. प्रश्न एवढाच की ते इथल्या माणसाला मिळणार का दीडपट बिल लावून बाहेरनं येणाऱ्याला.

आणि इथनं सुटलं तर आम्ही जायचं कुठं ते पण बघा. निपाणीकडची पोरं कागलच्या फाईव्ह स्टार एमआयडीसीला जातात, काही शिरोली, गोकुळ शिरगावला. पंचविशीतल्या पोराला ते जमतंय. मला पंचेचाळिशी उलटून गेली, सोसायटीचं कर्ज आहे, आई अंथरुणावर, मी रोज कोल्हापूर करू का?

आता मागण्या. पैशाच्या राशी मागत नाही.

हिशेब देणारच असाल तर कायद्यानं द्या. वर्षाला पंधरा दिवसाच्या पगाराची भरपाई आहेच, त्याशिवाय नवीन कोडमध्ये रिस्किलिंग फंड, म्हणजे नवीन काम शिकायचा फंड आहे, काढलेल्या कामगारामागं मालकानं पंधरा दिवसाचा पगार भरायचा आणि तो 45 दिवसात कामगाराच्या खात्यात जमा व्हायला पाहिजे. आमच्या कागदावर याचं एक अक्षर नाही. बऱ्याच मालकांना हे माहीतच नसेल असं धरून चालतो.

पण त्याआधी, हिशेब देऊच नका. एजन्सीबरोबर करार करायचा तर करा, पहिल्या दोन वर्षांचा, आणि त्यात लिहून घ्या की त्यांचा इंजिनिअर आला की आमची दोन माणसं त्याच्याबरोबर उभी राहणार, बघणार, शिकणार. "मागनं फिर" एवढंच. पुढच्या प्रत्येक मशीनच्या ऑर्डरमध्ये ट्रेनिंगच्या निम्म्या जागा मेंटेनन्सच्या माणसांना, वयाची अट न लावता. परीक्षा घ्या पाहिजे तर, नापास झालो तर घरी पाठवा, तक्रार करणार नाही.

पासवर्ड आणि बॅकअप कारखान्याच्या तिजोरीत. हे तर तुमच्याच फायद्याचं आहे.

आयटीआयचं एक. सरकारनं टाटा टेक्नॉलॉजीजबरोबर राज्यातल्या 150 सरकारी आयटीआयमध्ये रोबोट, कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी असली नवीन मशिनं बसवली. संध्याकाळी आणि रविवारी आमच्यासारख्या कामावरच्या माणसांना ती उघडून द्या, मास्तरचा खर्च तुम्ही कारखानदारांनी मिळून करा. दहा कारखान्यांनी वाटून घेतला तर एका ब्रेकडाऊनच्या बिलाएवढा पण नाही येणार. शिकवताना मराठी कन्नड दोन्ही बोलणारा माणूस घ्या, बेळगावात असल्या माणसांना काय तोटा.

कॉन्ट्रॅक्टवाल्या चौघांना पण यात धरा. नोटीस आणि धोक्याचे बोर्ड मराठीत पण लावा. आणि माझा मेमो मागं घ्या, ही मागणी वैयक्तिक आहे, कबूल.

या पत्राची कन्नड प्रत बैलहोंगलवाल्यानं लिहून दिलीय, ती पण तुमच्या ऑफिसला पोचेल. 1 तारखेच्या आधी एक तास वेळ द्या, शिफ्ट संपल्यावर, कॅन्टीनमध्ये चालेल, आम्ही अकराच्या अकरा येतो.

तुमचा,
वडगावचा एक मेंटेनन्स फिटर

ता. क. 3 नंबरच्या हायड्रॉलिक पॅकला खालच्या बाजूनं ऑईल गळतंय, नोटिशीच्या गडबडीत रजिस्टरला लिहायचं राहिलं. सील स्टोअरमध्ये वरच्या कप्प्यात डावीकडं आहे, माझ्या अक्षरात साईज लिहिलेली आहे. शनिवारच्या आत बदलून घ्या, नाहीतर पंप जाईल.